विशाखाला विचारल्याशिवाय

मी, सुभद्राबाई, पती दिवंगत पिराजी सोनकांबळे, वय एकसष्ट, धर्म बौद्ध, धंदा शिलाईकाम, राहणार भालकी, जिल्हा बीदर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हृदय थकले आहे, असे डॉक्टर म्हणतात. बुद्धी थकलेली नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी याच महिन्यात भीमजयंतीला हुलसूरच्या सभेत मी काय बोलले, ते तिथल्या लोकांना विचारावे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. माझा दाब इतरांवर आहे, अशी तक्रार मात्र जुनी आहे.

कलम १. भालकीतील दोन खोल्यांचे राहते घर मी शिलाईच्या कमाईतून बांधले. ते माझ्या पश्चात माझी नात विशाखा हिच्या मालकीचे होईल. तिचे वय आज अकरा आहे. ती सज्ञान होईपर्यंत घराचा कारभार तिची आई, माझी सून शोभाबाई, पाहील. माझा मुलगा नरसिंग याला त्या घरात हयातभर राहण्याचा हक्क आहे. घर मुलाला सोडून नातीला का, हे गाव विचारणार, म्हणून कारण लिहिते. विशाखाच्या परवानगीने लिहिते.

नरसिंगने गेल्या वर्षी तिला चांगल्या शाळेसाठी बीदरला मैलूरमध्ये ठेवले, माझे धाकटे दीर मारोती यांच्याकडे. दिवाळीच्या सुट्टीत ती परत आली तेव्हा तिच्या घशातून कुत्रे भुंकल्यासारखा आवाज निघू लागला. एकदा सुरू झाला की थांबत नसे. डोळ्यांतून पाणी यायचे, अंग आकसायचे. तेव्हापासून ती इथेच आहे.

मारोती धावत आले. "वैनी, ही भानामती हाय. शेजारच्या मल्लव्वाचं काम. म्या जाणता आनलाय, लिंबू उतरवू."

मी त्या जाणत्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवले. ज्या करणीच्या थापेविरुद्ध मी तीस वर्षे घसा फोडला, ती माझ्याच दारात चपला काढून उभी होती.

नरसिंग शिकलेला, साखर कारखान्याच्या ऑफिसात काम करणारा. तो म्हणाला, "कशाची भानामती? सोंग करायलीय. शाळंला जायचं न्हाई म्हनून."

मी दोघांनाही सांगते, आणि मेल्यावरही सांगत राहीन: एकाने लेकराच्या अंगात भूत पाहिले, दुसऱ्याने लबाडी. लेकराकडे दोघांनीही पाहिले नाही. बीदरच्या डॉक्टरांनी घसा तपासला आणि म्हणाले, घसा ठीक आहे, पोरीच्या मनावर कसला भार आहे ते शोधा.

कलम २. घरामागच्या आडाचे पाणी मल्लव्वा हिला आणि तिच्या वारसांना कायम मिळेल. आडाकडच्या वाटेवर कुणी कुंपण घालू नये. तिच्यावर आळ आला तेव्हा ती माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "अक्का, मला भानामती येत असती तर आधी माज्या सुनंवर केली नसती का?" विशाखा त्या दिवशी पहिल्यांदा हसली. या उपकाराची भरपाई पाण्याने होत नाही, पण माझ्याकडे देण्यासारखे तेच आहे.

कलम ३. ओसरीतली सतरंजी कुणाच्याही वाट्याला जाणार नाही. ती आहे तिथेच राहील. घरात जो असेल त्याने संध्याकाळच्या जेवणाआधी तिच्यावर बसावे.

हे बसणे मी एका भंतेजींकडून शिकले. ते एका पावसाळ्यात वर्षावासासाठी आमच्या विहारात मुक्कामाला राहिले होते. पाठ ताठ, हात मोकळे, श्वास येतो तो बघायचा, जातो तो बघायचा. मन पळाले तर त्याला हाणायचे नाही, हाताला धरून परत आणायचे. मग ज्याला वाटेल त्याने सांगावे की आज छातीत काय आहे, पोटात काय आहे. बाकीच्यांनी ऐकावे. उपदेश करू नये. नरसिंगने विशेषतः करू नये.

आमच्या चळवळीतल्या पोरांनी मला टोमणा मारला, "बाई, आता डोळे मिटून बसायला शिकवायलाव का? मंग अन्यायाकडं कोन बघनार?" त्यांना माझे उत्तर लेखी देते. भेदरलेले लेकरू उद्या कुणाशी लढणार? आपण लेकरांना उभे राहायला शिकवले, घोषणा द्यायला शिकवले, पहिला नंबर आणायला शिकवले. भीती वाटली तर तिच्याशेजारी कसे बसायचे, हे कुणी शिकवले नाही. ज्याला आतले बघता येत नाही, त्याचा बाहेरचा आवाज लवकर बसतो.

पुन्हा तो आवाज सुरू झालाच, तर घरात गर्दी करू नये. ओरडू नये, कुंकू-लिंबू आणू नये, "बस कर" म्हणू नये. एकाने तिच्या शेजारी बसावे, आपला श्वास संथ करावा आणि थांबावे. तिचा श्वास हळूहळू त्याच्याशी जुळतो. मी पाहिले आहे. तरीही न थांबला तर बीदरच्या त्याच डॉक्टरांकडे न्यावे. त्यात लाज नाही.

शोभाबाईने आठवड्यातली एक दुपार चुलीपासून आणि धुण्यापासून लांब राहावे. झोपावे, वाचावे, नुसते बसावे. त्या दुपारी भाकरी नरसिंगने थापाव्यात. जशा होतील तशा सर्वांनी खाव्यात. जिथे आईला उसंत नाही तिथे लेकराला कुठून मिळणार?

कलम ४. याच सतरंजीवर, माघात, विशाखा बोलली. मी काहीच विचारले नव्हते. ती म्हणाली, "आज्जी, तिथं मला आडनाव सांगू नको म्हनलेत. जयभीम म्हनायचं न्हाई. तुजं नाव तर काढायचंच न्हाई. कुनी विचारलं की आवाज हितं अडकतो." तिने गळ्यावर हात ठेवला.

मारोतींनी मैलूरची खोली जात लपवून भाड्याने घेतली होती. घरमालकाला कळेल या भीतीने त्यांनी अकरा वर्षांच्या पोरीच्या तोंडाला कुलूप घातले, आणि त्या कुलपाचा आवाज होऊ लागला तेव्हा तो मल्लव्वाच्या माथी मारला. खोली न देणाऱ्या जगावर माझा राग जास्त आहे. पण त्या जगाचे काम आपण घरात बसून करू नये.

म्हणून माझ्या दारावरची पूर्ण नावाची लाकडी पाटी मी दीर मारोती यांना देते. त्यांनी ती मैलूरच्या दारावर लावावी. हिंमत होईपर्यंत ती त्यांच्या घरात, त्यांना रोज दिसेल अशी ठेवावी. दुसरे काही त्यांना देत नाही. शापही देत नाही.

कलम ५. शिलाई मशीन शोभाबाईला. पुस्तकांच्या पेट्या विहाराला. पोस्टातली शिल्लक विशाखाच्या शिक्षणाला आणि औषधपाण्याला, लग्नाला नाही.

कलम ६. हे सर्वांत महत्त्वाचे. नरसिंग तिला जूनमध्ये पुन्हा मैलूरला पाठवणार आहे. मी विरोध केला तेव्हा तो म्हणाला, "माय, शाळा चांगली हाय. दोन-चार वर्षं गप राहिलं तर काय बिघडतं? म्या न्हाई राहिलो?"

बाळा, तू राहिलास. म्हणूनच तुला तिचा आवाज सोंग वाटला.

विशाखाला विचारल्याशिवाय तिला या घरातून दुसरीकडे कुठेही राहायला पाठवू नये. या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक नलिनीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, दर वर्षी शाळा उघडण्याआधी तिला एकटीला भेटून विचारतील. तिचे 'नाही' हे नाहीच धरावे. हे मोडल्यास नरसिंगचा राहण्याचा हक्क संपेल.

कलम ७. वरील मजकूर आज सर्वांसमोर मोठ्याने वाचला. मग नरसिंगने स्वतःच विचारले, "विशाखे, तुला जायचं हाय का तिथं?"

"न्हाई, अप्पा."

"कामून?"

तिचा आवाज अडकला. कुणी घाई केली नाही. नरसिंगने समजावायला तोंड उघडले, लगेच मिटले आणि तो सतरंजीवर तिच्या बाजूला बसला. पुढे ती जे बोलली ते तिचे आणि तिच्या बापाचे आहे. कागदावर घेत नाही.

शेवटी तो म्हणाला, "बरं. न्हाई तर न्हाई." मग माझ्याकडे वळून, "माय, आता ते सहावं कलम खोड."

खोडलेले नाही. जून यायचा आहे.

सही: सुभद्राबाई पिराजी सोनकांबळे

आमच्या देखत, शुद्धीत असताना सही केली:
साक्षीदार: १. अच्युतराव देशपांडे, निवृत्त शिक्षक, भालकी
२. रेवणसिद्धप्पा पाटील, शेती, भालकी

मुक्काम भालकी, रविवार, २६ एप्रिल १९८७