काही नाही झालं

आई, तुझी नात आज शाळेत गेली. गेली म्हणजे मीच स्कूटीवर फाटकाशी सोडून आली. आत जाताना तिनं एकदाही मागे पाहिलं नाही, आणि मी मात्र चौकीदार "मॅडम, गाडी पुढे घ्या" म्हणेपर्यंत तिथंच खांबासारखी उभी. आज तिचा गणिताचा पेपर आहे. दिवाळीनंतर ती शाळेत धड गेलेलीच नव्हती. उतरताना मला बजावलं, "मम्मी, शाळेत फोन नको करू. टीचरलाही नाही, माझ्या फ्रेंडलाही नाही." म्हणून फोन फ्रिजवर पालथा ठेवलाय आणि मी स्वयंपाकघरात फरशीवर बसून तुला हे लिहून राहिली आहे. हात रिकामे राहिले की फ्रिजकडे जातात. वरणाला फोडणी दिली, डबे पुसले, पुसलेले डबे परत पुसले. छातीत नुसतं धडधडतंय. तू असतीस तर तुझंही धडधडलं असतं आणि दोघी मिळून त्या शाळेच्या फाटकाला चिकटून बसलो असतो.

तू हिला पाहिलं नाहीस. तू गेलीस तेव्हा माझं लग्नही ठरलेलं नव्हतं. पण नाक तुझं घेऊन आली आणि केसही तुझेच, दाट, विंचरताना कंगवा मोडेल असे. इथं नागपुरात पोरी उन्हासाठी डोक्यातोंडाला स्कार्फ बांधतात, नुसते डोळे तेवढे उघडे. माझ्या पोरीचं तर मला कौतुकच होतं, म्हटलं उन्हाची काळजी घेते. पावसाळा लागला, स्कार्फ आहेच. थंडी आली, घरातसुद्धा डोक्याला गुंडाळलेला. मला काही खटकलं नाही बघ, म्हटलं असेल काही फॅशन. झाडताना तिच्या टेबलाखाली केसांचे पुंजके निघायचे आणि मी बिल्डिंगच्या बोअरच्या पाण्याला शिव्या द्यायची. आवळ्याचं तेल आणलं, महागाचा शाम्पू आणला, शेवटी एका रविवारी कांद्याचा रस काढला आणि "नको ना मम्मी" म्हणत असतानाच तिचा स्कार्फ ओढला. टाळूच्या मागे पाणीपुरीतल्या पुरीएवढी जागा, पार गुळगुळीत. कांद्याच्या रसाची वाटी कुठं पडली मला आठवत नाही.

चामडीच्या डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "हे गळलेले नाहीत. ती स्वतः उपटते." आता मी काय केलं असेल ते तुला सांगायला नको, तुझीच पोर आहे मी. तिथंच खुर्चीत बसून रडली. ऑटोत रडली. घरी आल्यावर कपाळ बडवून घेतलं, "काहून करते वं असं? काय कमी केलं आम्ही तुले?" पोरीनं पाणी आणून दिलं, बीपीची गोळी शोधून दिली, पाठीवरून हात फिरवला. "मम्मी, चूप हो ना. मी नाही करणार आता. प्रॉमिस." आणि मी एवढी अक्कलशून्य की मला तेवढ्यानं बरं वाटलं! तुझा जावई बुटीबोरीहून कंपनीच्या बसनं उतरून आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वय आहे, जाईल निघून." त्याचं सगळंच निघून जाणारं असतं.

मग मी पहारा लावला. ती अभ्यासाला बसली की मी समोर भाजी निवडत बसायची. तिचा हात कानाच्या वर गेला रे गेला की माझं "हात खाली!" जेवताना हात खाली, टीव्हीसमोर हात खाली. शेजारीण एकदा विचारायला आली, पोरीला कवायत शिकवून राहिल्या का म्हणून. झोपताना हातमोजे घालायला लावले. तरी डोक्यावरची ती पुरी पसरून पापडाएवढी झाली. तेव्हा त्या चामडीच्या डॉक्टरांनीच धंतोलीतल्या एका समुपदेशक बाईंचा पत्ता दिला, फक्त मुलांना पाहणाऱ्या. खाली दातांचा दवाखाना आणि वर यांची खोली. पहिल्याच दिवशी जिन्यात माझी मोठी जाऊ भेटली, कवळी बसवायला आलेली. मी पटकन म्हटलं, "हिची दाढ दुखून राहिली." काय सांगणार होती मी? चौदा वर्षांच्या पोरीला मनाच्या डॉक्टरकडे नेते म्हटलं तर पागल आहे म्हणून साऱ्या खानदानात झालं असतं. आता सगळ्या नात्यात तिच्या दाढेची चौकशी चालू आहे. परवा जावेनं लवंगेचं तेल पाठवलं, आणि पोरगी ते पाहून कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

बाई तरुण आहेत, पायात खेळाचे बूट, मला ताई म्हणतात. पहिल्यांदाच सांगितलं की ती आत बसेल, तुम्ही बाहेर. आणि ती जे बोलेल ते तिच्या जिवाला धोका असल्याशिवाय तुम्हाला सांगणार नाही. मला रागच आला. "मी आई आहे तिची!" त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणूनच." दुसरं सांगितलं, "हात खाली म्हणणं बंद करा. हात कधी वर गेला हे बरेचदा तिलाही कळत नाही. आत ताण झाला की जातो, आणि तुम्ही ओरडलात की ताण अजून वाढतो." म्हणजे मी महिनाभर पोरीला धाक घालून उलट केस उपटायलाच लावत होती की काय! बाहेरच्या बाकावर बसून मी दाराकडे पाहत राहायची. आतून आवाज आला तर वाटायचं रडतेय, आणि नाही आला तर त्याहून वाईट वाटायचं.

मधे एकदा बाईंनी मला एकटीला बोलावलं. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, "तुम्ही लहानपणी घाबरलात की कोणाला सांगायच्या?" मी म्हटलं, मी काय घाबरणारी होती! आणि आपला तो कुत्र्याचा किस्सा सांगितला. तुला आठवतो ना? कळमेश्वरला पिठाच्या गिरणीपाशी पिवळं कुत्रं मला पोटरीला चावलं. मी नळावर पाय धुतला, हळद दाबली, वर शाळेचा लांब पांढरा मोजा चढवला आणि घरी येऊन तुझ्यासमोर बसून वरणभात खाल्ला. तू विचारलंस, "लंगडून काहून राहिली वं?" मी म्हटलं, "काही नाही झालं." दुसऱ्या दिवशी मोजा रक्तानं चिकटला तेव्हा शेजारच्या शिवणवाल्या काकूंना दाखवला, आणि त्यांनी मशीन तशीच टाकून मला सरकारी दवाखान्यात नेलं. पोटातली ती इंजेक्शनं! तू मग जन्मभर हा किस्सा पाहुण्यारावळ्यांत सांगायचीस, "माझी पोट्टी मार बसन म्हणून चूप राहिली, एवढी भेली मले," आणि सगळे हसायचे, मी सगळ्यांहून जास्त हसायची. बाईंपुढेही हसतच सांगितला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आई मारायच्या का?"

तू मला कधी बोटसुद्धा लावलं नाहीस, आई. माझ्या आधीचा तुझा मुलगा तापात गेला, तेव्हापासून मला साधी शिंक आली तरी तू भिंतीला टेकून खालीच बसायचीस. मग मार कुठून आला? एवढी वर्षं मी तो किस्सा ऐकला, सांगितला, आणि हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. त्या दिवशी मी तशीच उठून जिना उतरली.

मागच्या शनिवारी आम्हा दोघींना एकत्र बोलावलं. बाई मला म्हणाल्या, "आज ती बोलेल. मधे बोलू नका, एवढंच." मला चूप बस म्हणणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. ओढणीचं टोक मुठीत धरून बसली. पोरगी खिडकीकडे वळून बसली. मग म्हणाली, "मम्मी, मी शाळेत बाथरूममध्ये जाऊन बसते. श्वास येत नाही असं वाटते. टेस्ट असली की जास्तच. तुला सांगायचं होतं खूपदा. पण तुला काही सांगितलं की तू रडते. मग तुझं बीपी वाढते. मग मलाच तुला समजवावं लागते. मग मी आपली, काही नाही झालं म्हणून देते." एवढं बोलता बोलता तिचा हात वर गेला, कानाच्या मागे. माझ्या जिभेवर "हात खाली" आलं, ते मी गिळलं. पण डोळ्यांचं काय करणार? ते भरले. आणि ती, आई, ती लगेच खुर्चीतून अर्धी उठली. माझ्याकडे यायला. मला पाणी द्यायला, माझ्या पाठीवर हात फिरवायला! किती सवयीनं उठली ती. मी म्हटलं, "बस बेटा. रडू येते मले, येऊ दे. माझं मी पाहते. तू बोल." ती उभीच राहिली थोडा वेळ, खरं वाटेना तिला. मग बसली, आणि बोलत राहिली. मी मधे बोलली, तरी बाई मला काही म्हणाल्या नाहीत.

थांब, शाळेच्या व्हॅनचा हॉर्न वाजला, येताना ती त्यातच येते.

आता संध्याकाळ झाली आहे. ती आली, दारात बूट काढले, दप्तर टाकलं. मी तोंडावर पाणी मारून उभी होती, विचारायचं नाही, विचारायचं नाही असं मनात घोकत. ती म्हणाली, "मम्मी, बेकार गेला पेपर. अर्ध्यातून उठून मी बाथरूममध्ये जाऊन बसली होती. आणि केस पण तोडले आज." मला धस्स झालं. खोटं काहून सांगू. पण आई, ती मला सांगून राहिली होती! मी म्हटलं, "बरं. भूक लागली असन. आलूपोंगा करू का पोहे?" तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, बराच वेळ, आणि मग म्हणाली, "पोहे. आणि ऐक ना, अजून एक सांगायचं आहे." कांदा चिरताना मी हवं तेवढं रडून घेतलं, तिच्यापुढे सगळं कांद्यावर घातलं. बरी होईल का, केस परत येतील का, उद्याच्या पेपरला बसेल का, मला काही माहीत नाही. बाईही छातीठोक सांगत नाहीत. आज रात्रीही मला झोप येणार नाही.

तुला एक सांगायचं राहिलं. हे वाचलंस तर तू तिथंच भिंतीला टेकून खाली बसशील, पदर डोळ्याला लावशील, आणि मी इथून धावत येऊन तुझे डोळे पुसेन, म्हणून हे कागद असेच गहू-तांदळाच्या डब्यामागे ठेवून देणार आहे. मार बसेल म्हणून मी चूप नव्हती राहिली, आई. तू रडशील म्हणून राहिली होती. झालं होतं. खूप दुखलं होतं.