बुधवारचा रस्सा

६ जानेवारी, सोमवार
डिस्पॅचचे हेड पाटीलकाका महिनाअखेर रिटायर. खुर्चीवर आता कोण, फौंड्रीत दुसरा विषय नाही. अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली मी. काका म्हणाले, "सुजाता, आता तूच." मॅनेजरसाहेब मात्र, "बघू बुधवारी." म्हणजे त्यांच्या वडगाव रोडच्या शेतावर. दर बुधवारी ऑफिसातले पुरुष तिथं मटण करतात आणि सगळं तिथंच ठरतं. बायकांना बोलावणं नाही. अकरा वर्षांत एकदाही नाही.

७, मंगळवार
कँटीनमध्ये कळलं, खुर्ची आमच्याच डिस्पॅचच्या संदीपला द्यायचं चाललंय. येऊन तीन वर्षं. कुठल्या गाडीत किती माल बसतो ते अजून मला विचारतो. पण पांढरा रस्सा त्याच्यासारखा कुणाला जमत नाही. दिवसभर नुसता संताप.
स्टोअरची रोहिणी म्हणाली, "जाऊ दे की गं. आपण तिथं जाऊन काय करायचं?"
जेवायचं. दुसरं काय.

८, बुधवार
सहाला सुटले ती सरळ शेतावर. सासूबाईंनी सकाळीच वीस भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. "रिकाम्या हातानं जाऊ नगंस. भाकरी घेतली की उठ म्हणायला जीभ रेटत न्हाय कुणाची."
मला बघून संदीपच्या हातात पळी तशीच.
साहेब : "मॅडम, काय काम काढलं?"
"डिस्पॅचचं. इथंच ठरतंय म्हणं. मग मलाबी ऐकू दे की."
पाटीलकाका चटईवर सरकले. "बस पोरी." बसले. दोन वाट्या रस्सा प्याले. चांगला करतो मेला, खोटं कशाला बोलू.
मग सगळ्यांसमोर विचारलं, माझ्यात काय कमी?
साहेब : "तसं न्हाय ओ. अडचणीच्या वेळी धावपळ असते..."
"पुरात हायवे बंद पडलेला तवा गाड्या कुणी फिरवल्या?"
काका म्हणाले, "हिनंच."
साहेबांनी कांदा मागितला.

९, गुरुवार
ऑफिसात कुणी नीट बोलेना. एकटी बाई शेतावर गेली, वगैरे सुरू झालंय. बोला म्हणावं. तोंड दुखेपर्यंत बोला.
संदीप तेवढा टेबलाशी आला. "ताई, येणार म्हणून आधी सांगायचं की. अर्धा किलो जास्त आणलं असतं." चेष्टा नव्हती. खरंच वाईट वाटलं होतं त्याला. आता याचा राग तरी कसा करायचा?

१३, सोमवार
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "परत असं करू नका. चांगलं दिसत न्हाय."
"ऑफिसातलं ऑफिसात ठरवा साहेब. मी कशाला येतो मग?"
नेमणुकीची ऑर्डर समोरच पडलेली. नावाची जागा कोरी. परवा ठरवू म्हणाले. परवा बुधवार. म्हणजे सुधारायचं नाही असं ठरलंय.
चहाला रोहिणी आली. कप खाली ठेवला. मग म्हणाली, "परवा किती वाजता निघायचं? स्टोअरच्या आम्ही तिघी हाय."