फाइलवरचं नाव

१७ जानेवारी २०२५, शुक्रवार

काल लिहिलेलं दुरुस्त करायला हवं. 'फुटलेला पेपर आत्याने बनवला असं निघालं' असं मी लिहिलं. असं काहीही निघालेलं नाही! निघालं ते एवढंच – दहावीच्या पूर्वपरीक्षेचा विज्ञानाचा पेपर आदल्या संध्याकाळी मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, ती वर्डची फाइल होती, आणि फाइलच्या माहितीत 'ऑथर'पुढे 'सुलभा पानसे' असं आत्याचं नाव दिसतं. बास. बाकीचं मी घाबरून भरलं.

हे नाव शोधलं शाळेतल्या कॉम्प्युटरच्या समीर निगम सरांनी. त्यांनी ते प्रिन्सिपल मॅडमना दाखवलं. आत्या शिकवते गणित, मग विज्ञानाचा पेपर हिच्या फाइलीत कसा? एवढ्यावर मॅडमनी तिला ईमेलने निलंबित केलं आणि पोलिसांत तक्रारही दिली. इतक्या वर्षांची नोकरी. एक ईमेल. समोर बोलावून विचारलंसुद्धा नाही.

१८ जानेवारी, शनिवार

आत्या जेवली नाही. बाबा म्हणाले, "होईल सगळं ठीक." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले. म्हणजे तेही घाबरलेत.

२० जानेवारी, सोमवार

दरोगा, म्हणजे ठाण्याचे फौजदार, बाजपेयी घरी आले. फार अदबीने! "माफ़ कीजिएगा मैडम, सुबह-सुबह तकलीफ़ दी." आईने सवयीने चहा ठेवला, मग तिलाच राग आला आणि बिस्किटं काही दिली नाहीत.

त्यांच्याकडे एक कागद होता. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो, त्याची प्रिंट, तीही तिरकी. "ये नाम आपका है?"

आत्या म्हणाली, "नाम मेरा है. फ़ाइल मैंने नहीं भेजी."

"भेजने की बात अभी कौन कर रहा है? बनाई तो आपने!"

मी विचारलं, असली फाइल कुठे आहे, आपण पाहिलीत का. माझा आवाज इतका बारीक आला की त्यांनी मान पुढे केली. मग हसले. "बिटिया, ये कंप्यूटर का लिखा है. कंप्यूटर थोड़े ही झूठ बोलेगा!"

जाताना म्हणाले, शहर सोडून जाऊ नका. समोरच्या बाल्कनीत वर्माआंटी वाळलेले कपडे पुन्हा पुन्हा झटकत उभ्या होत्या. सगळ्या इंदिरा नगरला दुपारपर्यंत कळलं असणार.

चेतनादीदीला फोन केला. ही आत्याची जुनी विद्यार्थिनी, आता वकील. ती स्पष्टच बोलली – पेपरफुटी म्हटलं की पोलिसांवर दबाव असतो, कुणाला तरी धरावंच लागतं, याच आठवड्यात मॅमना धरू शकतात. अटकपूर्व जामिनाचे कागद ती करायला घेतेय. "और मैम से कहना, लिखकर कुछ न दें. कुछ भी नहीं!"

आत्याला अटक. हे दोन शब्द मी शेजारी शेजारी लिहिले आणि वही मिटली.

२२ जानेवारी, बुधवार

ऑफिसात बसून आज मला आमची जुनी शाळा आठवली. शाळा म्हणजे रेल्वे क्वार्टरचा व्हरांडा. बाबांच्या बदल्या तेव्हा नवी लाइन टाकायच्या कामांवर, आजूबाजूला शाळा नाहीच. आत्या स्वतःची नोकरी सोडून आमच्याकडे राहायला आली आणि मला शिकवू लागली. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला लावायची. डावीकडे 'पाहिलं', उजवीकडे 'वाटलं'. मी एकदा डावीकडे लिहिलं, 'मांजर रागावलं आहे.' म्हणाली, "राग कुठे दिसला? शेपूट दिसली. शेपूट लिही." मी रडले होते!

तर आज रेघ मारली. डावीकडे – फाइलवर नाव. उजवीकडे लिहीत गेले तर पान संपलं.

मग सुचलं. फाइलवर नाव येतं तरी कसं? माझं काम विम्याचे दावे तपासायचं, दिवसभर पत्रंच लिहिते. कालच्या माझ्याच पत्राची माहिती उघडली. ऑथर – इंद्रजित सक्सेना! कोण हे? शेजारच्या टेबलवर विचारलं. "अरे यार, वो तो कब के छोड़ गए!" मी त्यांना पाहिलेलंसुद्धा नाही. पण आम्ही सगळे त्यांचंच जुनं पत्र उघडतो, आतलं पुसतो, नवं लिहितो. पुसलं जातं ते पानावरचं. नाव तसंच राहतं.

म्हणजे गेली दोन वर्षं माझी सगळी पत्रं इंद्रजित सक्सेना लिहीत आहेत.

२३ जानेवारी, गुरुवार

आत्याला विचारलं, शाळेच्या पेपरवर ते बोधचिन्ह, शाळेचं नाव, खाली दुहेरी रेघ असते, ती फाइल कोणाची?

"माझीच. नोकरीला लागले त्या वर्षी केली. ते चिन्ह मधोमध बसतच नव्हतं, आणि तू शेजारी पेरू खात होतीस. कीबोर्डमध्ये बिया."

"आणि आता कोण वापरतं?"

"कोण म्हणजे? सगळेच."

मग ती माझ्याकडे बघतच राहिली.

२५ जानेवारी, शनिवार

सापडलं! नीट लिहिते. आधी श्वास.

शाळेच्या वेबसाइटवर जुने सरावपेपर आहेत, सगळे वर्डमध्येच. एकेक उतरवून घेत गेले. इतिहास – ऑथर सुलभा पानसे. संस्कृत – सुलभा पानसे. (आत्याला संस्कृतचं एक रूप चालवता येत नाही!) चित्रकला – सुलभा पानसे. सहलीची नोटीस, हरवलेल्या डब्यांची नोटीस, स्वेटरच्या रंगाची नोटीस – सगळीकडे आत्या. आई मागून बघत होती. म्हणाली, "वन्सं, तुम्ही एकट्याच चालवत होतात की शाळा!"

आणि मग मला ते पत्र आठवलं. निलंबनाचं. तेही वर्डमध्येच आलं होतं, त्याच बोधचिन्हाखाली. उघडायला हात धजेना. उघडलं.

ऑथर – सुलभा पानसे.

आत्याने आत्याला निलंबित केलं!!

मग आत्या हसायला लागली. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा. इतकी की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. आई म्हणाली, "स्वतःलाच काढून टाकलंत? तुमच्या स्वभावाला शोभतं हो."

मला मात्र धास्ती. मलाच चुकीचं दिसत असेल तर? म्हणून बाबांना बसवलं. सहलीची नोटीस उघडा, पुसा, मनाला येईल ते लिहा आणि नव्या नावाने जतन करा. बाबांनी टाईप केलं – 'शशिकांत पानसे हे थोर गृहस्थ आहेत.' माहिती उघडली. ऑथर – सुलभा पानसे. बाबा म्हणाले, "बघा. माझी बहीणच म्हणते." आमच्या घरात कुणीतरी विनोद केला आज!

२८ जानेवारी, मंगळवार

ठाण्यात गेलो होतो. आत्या, चेतनादीदी, मी. बाजपेयींनी प्रिन्सिपल मॅडम आणि समीर सरांनाही बोलावून घेतलं होतं. चेतनादीदी कानात म्हणाली, "तुम ही बोलोगी. खोजा तुमने है."

मी लॅपटॉप उघडला. आधी संस्कृतचा पेपर दाखवला. मग चित्रकला. मग डब्यांची नोटीस. मॅडम घड्याळ बघायला लागल्या. "इससे क्या साबित होता है?"

मी म्हटलं, "मैडम, बस एक और. ये वाला लेटर किसने लिखा है?"

"मैंने! ख़ुद बैठकर टाइप करवाया है."

लॅपटॉप बाजपेयींकडे फिरवला. त्यांनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मग मॅडमकडे बघून फार अदबीने म्हणाले, "मैडम, इस हिसाब से तो पानसे मैडम ने ख़ुद को ही सस्पेंड कर लिया. अब शिकायत किसके ख़िलाफ़ लिखें?"

मागचा हवालदार फिसकन हसला. आत्या ताठ बसून होती, पण मी तिच्या शेजारीच होते, तिचं पोट हलत होतं!

चेतनादीदीने मग कायद्याचं सांगितलं. असा मोबाइलने काढलेला फोटो कोर्टात कसा टिकत नाही, मूळ फाइल कुठून कशी घेतली याचं प्रमाणपत्र कसं लागतं. बाजपेयी मान डोलवत होते, पण त्यांचं लक्ष फाइलीवर. "वो सब ठीक है वकील साहिबा. लेकिन पेपर तो बाहर आया न? किसी ने तो किया?"

आणि मी बोलले. मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "सर, ऑथर छोड़िए. उसके नीचे देखिए. आख़िर में किसने सेव किया, वो भी लिखा रहता है."

"अच्छा?" म्हणाले, आणि लिहून घेतलं. माझं नावही विचारलं, आडनावासकट. समीर सर चहाच्या कपात बघत होते.

बाहेर आलो तर ऊन पडलं होतं. चेतनादीदीने मला तिथेच फाटकापाशी मिठी मारली. मी! जी बँकेतसुद्धा स्लिप भरताना पेन विसरते!

३१ जानेवारी, शुक्रवार

निलंबन मागे. शाळेचं पत्र आलं – 'गैरसमजातून', 'खेद' वगैरे. आम्ही सगळ्यात आधी माहिती उघडली. ऑथर – सुलभा पानसे! आत्या म्हणाली, "मी स्वतःला माफ केलं."

२ फेब्रुवारी, रविवार

बाबा सगळ्यांना चौकात घेऊन गेले. मक्खन मलाई, थंडीतच मिळणारा तो दुधाचा गोड फेस. थंडी सरत आली, आता थोडेच दिवस मिळेल. आत्याने दुसरा द्रोण मागून घेतला. मग अमीनाबादेत तिने साडी घेतली, निळी. एरवी करडी घेते.

३ फेब्रुवारी, सोमवार

निळी साडी नेसून शाळेत गेली. वर्गात शिरताच मुली उभ्या राहिल्या आणि टाळ्या! ती म्हणाली, "मी त्यांना ओरडले. टाळ्या कसल्या, वर्गमूळ काढा." पण हे सांगताना ती दोनदा थांबली.

वर्माआंटी ढोकळा घेऊन आल्या. "हमें तो पहले दिन से पता था." आईने ढोकळा घेतला आणि दार लावलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

समीर सरांना अटक झाली! फुटलेल्या फाइलीत 'शेवटी जतन करणारा' पुढे त्यांचंच नाव निघालं. आई म्हणाली, "चांगली जिरली! दुसऱ्याचं नाव शोधायला निघाला होता." बाबांनी संध्याकाळी जिलेबी आणली. मीही खाल्ली. आनंद झाला, खोटं कशाला लिहू.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आत्याने आज चपात्या लाटता लाटता सांगितलं. सहज, माझ्याकडे न बघता. "शाळेतली सगळी मशिन्स उन्हाळ्यात त्या समीरनेच लावली. स्टाफरूममधलंही. उघडलं की त्याचंच नाव येतं. कुणीही बसतं तिथे. मीसुद्धा."

सगळ्या मशिनवर. म्हणजे शाळेत कुणीही काहीही जतन केलं तरी नाव त्यांचंच. ते दोषी नाहीत असं मला माहीत नाही. आहेत असंही नाही. आणि चेतनादीदी म्हणते, अटकेच्या कागदात लिहिलंय – 'दीप्ती पानसे के बताने पर'. म्हणजे माझ्या सांगण्यावरून.

मी विचारलं, "आत्या, तू येशील माझ्याबरोबर कोर्टात, हे सांगायला?" ती म्हणाली, "नाही. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं, ते माझ्याच्याने अजून विसरवत नाही. तू जा."

जामिनाची सुनावणी मंगळवारी, ११ फेब्रुवारीला, सकाळी. रजा टाकली. त्यांच्या वकिलांना फोन केला. आवाज बारीक नव्हता. मंगळवारी मी समीर सरांच्या बाजूने उभी राहणार.