फिल्टर कुणी बसवला

अप्पा, उद्या दहा वाजता मला ऑफिसात बोलावलंय. एकच गोष्ट विचारणार आहेत, त्या लाल गाडीचा ऑइल फिल्टर कुणी बसवला. शुक्रवारी एकदा विचारून झालंय. मी म्हणालो, मी न्हाई, मी शेजारच्या लिफ्टवर होतो. उद्या सगळ्यांसमोर विचारतील आणि त्यावरून एका माणसाची नोकरी जाईल. आज रविवार. खोलीतली बाकीची पोरं सिनेमाला गेलीत आणि मला का कोण जाणे तुमच्याशी भांडावंसं वाटतंय. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. होता तेव्हा भांडता आलं नाही, तुमचा हात लवकर उठायचा.

मी बंगळूरला असतो, गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरात. आल्टो, स्विफ्ट, वॅगनार, येतील तेवढ्या. गाडी लिफ्टवर चढवायची, खालचा बोल्ट काढून काळं तेल सोडायचं, फिल्टर बदलायचा, नवं तेल भरायचं, चाकांची हवा, ब्रेकचं तेल बघायचं, धुवायला पाठवायची. पाऊण तासात दुसरी आत. ज्यांच्या गाड्या, त्यांना बॉनेट कुठून उघडतं तेपण ठाऊक नसतं. काचेपलीकडं बसून कॉफी पितात. तुम्ही बघितलं असतं तर म्हणाला असता, गाडी हाय का शेळी, दिसली की पिळली.

तुम्ही मालकाचे ड्रायव्हर, तुमचं तसं नव्हतं. आपल्या गावी, युसूफ वडगावला, मालकाच्या बंगल्यापुढं ती पांढरी बोलेरो उभी असायची आणि दिवस उजाडला की तुम्ही तिच्या पोटात डोकं घालून. इंजिन थंड, गाडी सपाट जागेवर. तेलाची काडी बाहेर काढायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा आत घालून पुन्हा काढायची. "पैल्यांदा काढलेली काडी खोटं बोलती," म्हणायचा. मग तेल अंगठ्यावर घेऊन बोटानं चोळत बसायचा, हलवाई पाक बघतो तसं. रेडिएटरचं पाणी, बेल्टचा ताण, बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुणं. शेवटी वाकून गाडीखालची जमीन बघायची, थेंब पडलाय का. माझ्या कपाळाला ताप बघायला तुमचा हात कधी लागलेला मला आठवत नाही. आई म्हणायची, "त्या गाडीला न्हाऊ घालता, जेवू घालता, आता घरात आणून निजवा." तुम्ही हसायचा पण नाही.

मी तेरा वर्षांचा होतो. त्या सकाळी शाळा बुडवून तुमच्यासंगं आलतो. काडी वरच्या खुणेपर्यंत भरलेली मी या डोळ्यांनी बघितली. खाली जमीन कोरडी ठाक. नंतर छोटे मालक तुम्हाला मागं ठेवून, स्वतः गाडी चालवत दोस्तांना घेऊन परळीला गेले. जाताना गाडी दगडावर घातली, इंजिनाखालचा तेलाचा चेंबर फुटला, पुढं तेलाचा लाल दिवा लागला तरी गाणी लावून हाणत राहिले. वीजकेंद्राच्या राखेच्या ट्रका जातात त्या रस्त्यावर इंजिन जाम. दुपारी ट्रॅक्टरला बांधून गाडी बंगल्यापुढं आणली तेव्हा तिथं वीस-पंचवीस माणूस बसलेलं. मिस्त्री खाली घुसून बाहेर आला आणि "चेंबर फुटलाय" म्हणत हात पुसू लागला. छोटे मालक ओट्यावर मोबाईलमध्ये मान घालून. मोठ्या मालकानं पोराकडं बघितलंच नाही, तुमच्याकडं बघितलं. "कसं झालं बे हे?"

आणि तुम्ही म्हणता, "कालच माझ्याकडनं दगडावर गेलती मालक. सांगायचं राहिलं."

मला वाटलं तुम्ही विसरलात. खरंच वाटलं. मी मोठ्यांदा बोललो, "अप्पा, सकाळी काडी भरलेली हुती की! खाली थेंब पण नव्हता."

तुम्ही दोन ढांगांत आलात आणि थोबाडीत ठेवून दिलीत. तुमच्या हाताचं तेल माझ्या गालाला लागलं. मालक हसले. "लई हुशार हाय पोरगं तुझं, शिकव त्याला." सगळे हसले. मग म्हणाले, "जाऊ द्या, जुना माणूस हाय, होतंय एखाद्या वेळेस." माफ केलं तुम्हाला! आणि तुम्ही हात जोडलेत.

त्या वर्षी मी शाळा सोडली. आठवीत. तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आईला एकदा विचारलं तर म्हणाली, "तुझ्या बापानं तोंड उघडलं असतं तर दिवाळीनंतर आमच्या हातात पुन्हा कोयता आला असता, अन् तू उसाच्या फडात झोपला असतास. गप जेव." तिचं खरं असेल. पण मला तुमचा राग त्या खोटं बोलण्याचा नाही, अप्पा. रोज सकाळी दोनदा काडी बघणारा माणूस तिथं हयगय करणारा ठरला, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस पुन्हा फडकं घेऊन तिथंच उभा, त्याचा आहे. तुम्ही गेलात तेव्हा मालक मातीला आले होते. त्याच बोलेरोतून, नवा ड्रायव्हर घेऊन.

आता त्या लाल गाडीचं. जुना फिल्टर खोलला की त्याची रबरी रिंग कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते. बोट फिरवून बघायचं असतं. न बघता नवा फिल्टर चढवला तर रिंगेवर रिंग बसते, पाच-पन्नास किलोमीटर गाडी नीट चालते आणि मग सगळं तेल बाहेर. तसंच झालं. इंजिन गेलं. त्या गाडीच्या कामाच्या कार्डावर माझ्यासंगं काम करणाऱ्या जोडीदाराचं नाव आहे. ओडिशाचा आहे, माझ्यापेक्षा मोठा, दोन पोरी गावाकडं. त्या दिवशी आम्ही दोघं दोन लिफ्टवर चार गाड्या करत होतो, इकडून तिकडं. काल जेवताना मला म्हणाला, "भाई, मुझे याद नहीं आ रहा. मैंने ही लगाया होगा." आणि डब्यातली अर्धी पोळी माझ्याकडं सरकवली. मी खाल्ली.

फिल्टर मी बसवला, अप्पा. बाहेरून पुढच्या गाडीसाठी आवाज देत होते, मी बोट फिरवलं नाही. शुक्रवारी विचारलं तेव्हा सुद्धा मला पक्कं आठवत होतं. ओडिशावाल्याला आठवत नाही, त्याला उद्या वाटेल आपणच केलं, आणि तो तसं बोलेल.

हे मराठीत लिहिलंय. इथं कुणाला वाचून कळायचं नाही, अन् तुम्हाला तर अक्षरंच येत नव्हती. म्हणून एवढं लिहू शकलो. उद्या पुन्हा विचारतील, आणि मला वाटतं मी न्हाईच म्हणणार.