टॅबमध्ये नसलेला शब्द

प्रिय ताई,

गेल्या आठवड्यात शाळेचं पत्र तू टेबलावर पालथं घालून ठेवलं होतंस, तरी मी ते वाचलं. ‘मुलीच्या हितासाठी तिला विशेष शाळेत हलवावे’ म्हणे, आणि खाली संमती म्हणून तुझ्या सहीची जागा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षांत ज्यांना वर्गाच्या दारातला उंबरा काढायला सवड झाली नाही, त्यांना आपल्या भिंगरीला हलवायची केवढी घाई झालीय.

कारण काय, तर तिने टॅब फेकला. वर्गशिक्षिकेच्या पायाशी पडला, काच तडकली, आणि पोरगी हिंसक ठरली. नऊ वर्षांची, जिचा डावा हात धड वर होत नाही, ती हिंसक. तिला बोलता येत नाही. ती टॅबवरच्या शब्दाच्या चौकटीला बोट लावते आणि टॅब तिच्या वतीने बोलतो. आपला आवाजच तिने का फेकून द्यावा, हे विचारावंसं कुणाला वाटलं नाही. तुलाही नाही, रागावू नकोस.

मग मीच गेले शाळेत. अशा मुलांना शिकवण्यात माझी अकरा वर्षं गेलीत, मला काय गुंडाळणार ते. मदतनीस मावशींनी सगळं सांगितलं. गणिताचा तास सुरू झाला की भिंगरीची चाकाची खुर्ची खेळाच्या सामानाच्या खोलीत नेतात आणि पुढ्यात मण्यांची वाटी ठेवतात. तिच्यामुळे वर्ग मागे पडतो ना. जी पोर जेवता जेवता भिंतीवरच्या टाइल्सचा गुणाकार करते, मी आकडे म्हणत गेले की नेमक्या उत्तराला ‘हो’ दाबते, तिने मणी ओवायचे. वरून कुणी तपासणीला आलं की मात्र तिला पहिल्या बाकाशेजारी आणून फोटो काढतात.

त्या दिवशी तिने एकच चौकट दाबली होती. खुर्ची वळवली, धन्यवाद. वाटी ठेवली, धन्यवाद. वीस-बावीस वेळा धन्यवाद, आणि मग टॅब जमिनीवर. वर्गशिक्षिका मला सांगत होत्या, अहो, तोवर तर चांगली खुशीत होती.

घरी येऊन टॅब उघडला आणि माझी मलाच लाज वाटली. त्यातले शब्द मीच भरलेत. चाळीस चौकटी. पाणी, शू, हो, छान, कृपया, आवडलं, धन्यवाद. ‘नको’ नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या, उलट बोलायचे शब्द सुरुवातीला नकोत, आणि मी शहाणीने मान डोलावली. तू तर घास थुंकून ‘नको’ म्हणायचीस, आई अजून सांगते. हिला मात्र आम्ही नुसते आभार मानायला ठेवलं. फेकण्यावाचून तिच्या हातात राहिलंच काय होतं? शाळेवर मी आगपाखड करतेय खरी, पण त्यातली निम्मी माझ्यावरच आहे.

आज दुपारी तू कामावर असताना त्याच तडकलेल्या टॅबमध्ये मी नवे शब्द भरले. नको, थांबा, चूक, का, राग आलाय, गणित. आणखी काय हवं म्हणून एकेक शब्द उच्चारत गेले, हवा त्याला ती ‘हो’ दाबायची. ‘आई’ला दाबलं, ते साहजिकच. पण ‘सही’लाही दाबलं. आपण दोघी आठवडाभर तिच्यासमोरच त्या सहीबद्दल बोलत होतो, ती जणू तिथे नाहीच अशा.

शब्द भरून झाल्यावर तिने सावकाश चार चौकटी दाबल्या. आई. सही. नको. गणित. मग पुन्हा त्याच, त्याच क्रमाने, आणि मी कागद-पेन घेईपर्यंत थांबली नाही. हे पत्र मी तिच्या सांगण्यावरून लिहितेय, ताई. उद्या सकाळी ती सही करायला शाळेत जाण्याआधी तिच्यासमोर बस. चार शब्दांना तिला पाच मिनिटं लागतात. तिचं बोलून होईपर्यंत मध्ये बोलू नकोस.

तुझीच,
धाकटी