तळ्याची माती

२४ ऑगस्ट
साताऱ्याहून थेट जयपूर! नवी नोकरी, जवाहर नगरात वरच्या मजल्यावर ऐसपैस खोली, आणि खाली घरमालक चक्क मराठी. शामराव इथेच जन्मले, त्यामुळे त्यांच्या मराठीत हिंदी घुसलेली. अंगठीनं दारावर टकटक करून म्हणाले, "सावनी बेटा, चाय आणली." मला हसूच आलं. त्यांची बायको इंदुमती शहराबाहेरच्या तळ्यात बुडून गेली. अचानक अंधारून आलं, मुसळधार पाऊस कोसळला, नाव उलटली, हात सुटला, असं सांगताना रडले बिचारे.

२८ ऑगस्ट
दीड दिवसाचा गणपती त्याच तळ्यात विसर्जित केला. शामराव आले नाहीत, त्यांना ते पाणी बघवत नाही. आमच्या रीतीप्रमाणे मी काठाची मूठभर माती पाटावर घेऊन आले, खोलीच्या चारही कोपऱ्यांत थोडी थोडी टाकली, उरलेली पाटावरच ठेवली. शामरावांना कौतुकानं सांगितलं तर ते पांढरेफटक पडले. तिथलं काही घरात आणायचं नाही, म्हणून माझ्यावर ओरडले. मीही फाडकन उलट बोलले. मला कुणी ओरडलेलं खपत नाही.

३० ऑगस्ट
भर दुपारी काळोख. वादळ, पाऊस, सगळं फक्त आमच्या घरावर. समोरच्या गच्चीत पापड वाळताहेत.
पाटावरची माती अजून ओली आहे. जिन्याच्या भिंतीवर चिखलाचे पंजे उमटलेत. बोटं ठेचलेली.

३१ ऑगस्ट
पुन्हा वादळ. घरभर तळ्याचा वास. शामरावांनी पंजे पाहिले आणि माझ्या दारात ओक्साबोक्शी रडत सगळं ओकले. ती नावेची कड धरून लोंबकळत होती, दोघंही बुडालो असतो, म्हणून वल्ह्यानं तिची बोटं —
हात सुटला नव्हता. सोडवला होता! त्याच्या तोंडावर दार आपटलं मी.

१ सप्टेंबर
नीच माणूस! जिन्याला बाहेरून कुलूप लावलं. माती जिनं आणली तिलाच इंदुमती घेऊन जाऊ दे, म्हणाला. जिन्यात पाणी चढतंय. पंजेही —

गॅलरीतून दिसला. फाटकाशी, बॅग घेऊन. पाट उचलून सगळी माती त्याच्या डोक्यावर ओतली. तुमची बायको तुम्हीच न्या, म्हटलं.

काळोख त्याच्याकडे वळला. रस्त्यावर उभ्याउभ्या बुडाला तो, हातपाय मारत. मी बघत राहिले. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

पाऊस थांबला. जिना कोरडा. पण फाटकाशी कुणीच नाही —

कोपरे. कोपऱ्यांतली माती झाडायची राहिली. ओली होतेय —

जिन्यात चपला वाजताहेत. पाणी गळतंय —

अंगठीची टकटक. बेटा, चाय आण —