पिल्लांचा दिवा, डार्सीचा साप

व्हर्ना,

गोठ्यातला नळ गोठलाय, तिकडे चाललोय. डार्सीच्या खोलीत तांबडा उजेड दिसला तर दचकू नकोस. तिच्या सापाच्या पेटीचा हीटर बंद पडला, म्हणून वर मी कोंबडीच्या पिल्लांचा उबेचा दिवा लावलाय.

माझं तर डोकंच चालेनासं झालंय. पिल्लं गारठली की दिव्याखाली गोळा होतात, उकडलं की कोपऱ्यात पळतात. जन्मभर तेवढं बघून मी दिवा वर-खाली केला. हा पठ्ठ्या कायम कोपऱ्यात! उकडत असेल म्हणून दिवा उंच टांगला, तर साप हाताला बर्फासारखा लागला. डार्सी फोनवर हसली. "बाबा, कोंबडी आहे का ती? साप लपूनच बसतो. पेटीतले उष्णतेचे आणि ओलाव्याचे काटे बघ."

काटे बघितले. ऊब जमली की ओल उडते, पाणी शिंपडलं की ऊब जाते. पिल्लांना कोरडं ठेवायचं, याला म्हणे दमट हवं, नाहीतर कात अंगाला चिकटते. शेवटी पेटीवरची अर्धी जाळी तुझ्या स्वयंपाकाच्या फॉइलने झाकली, आत ओलं शेवाळ ठेवलं. आत्ता कुठे दोन्ही काटे जागेवर आलेत. कशालाही हात लावू नकोस.

शनिवारी ती त्याला शहरातल्या खोलीवर न्यायला येतेय. तिचं म्हणून या घरात तेवढंच उरलंय. मला साप आवडत नाही, ते नाहीच. पण कात टाकायच्या आधी याचे डोळे पांढुरके होतात आणि तेव्हा त्याला हलवायचं नसतं, असं तीच म्हणाली होती. सकाळपासून मी त्या डोळ्यांत बघतोय. झालेत की नाही, काही कळत नाही.

तू तिला सांग, झालेत.

वॉल्ट